अकरावा नंबर

एसटीत मोबाइल मोठ्याने वाजवायचा नाही असा नियम आहे आणि तो पाळायला लावणं हे कंडक्टरचं काम आहे. मी हे रोज सांगते आणि रोज लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांच्या सातबाऱ्यावर नाव लावायला आले आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे. जळगाव डेपोत मला सविताताई कमी आणि भोंगा जास्त म्हणतात, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी जळगाव-धुळे गाडी होती, एप्रिलातलं ऊन होतं, खिडकीचा पत्रा हाताला भाजत होता. एरंडोलला एक माणूस चढला. शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात चामडी बॅग, विम्याचा एजंट असावा तसा. माझ्या मागच्याच सीटवर बसला आणि मांडीवर फोन ठेवून चालू केला. मी बंद करा म्हणायला वळले आणि तोंड उघडंच राहिलं, कारण फोनमधून माझा धाकटा भाऊ बोलत होता.

प्रशील पॉडकास्ट करतो. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, फक्त बोलणाऱ्याला कुणी आवर म्हणत नाही. त्याचं नाव ‘पैसा पेरा’. तो आणि त्याचा मित्र राजदीप माइकसमोर बसतात आणि पगार कसा वापरायचा, विमा कोणता घ्यायचा, महागाई का वाढते, रिझर्व्ह बँक व्याजदर का बदलते, हे सांगतात. मी सुरुवातीचे काही भाग ऐकले होते. खोटं कशाला बोलू, चांगलं बोलत होता. मराठीत, सोपं करून. मग एका पेपरात ‘आवर्जून ऐकावेत असे पैशाविषयीचे पॉडकास्ट’ अशी यादी आली आणि ‘पैसा पेरा’ त्यात पहिलं होतं. धुळ्यात आमच्या मायनं ते कात्रण बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची आणि चहा पाजायची.

तर बसमध्ये प्रशील म्हणत होता की आजचा विषय आहे, आपल्या आयांच्या आर्थिक चुका, आणि सुरुवात मी माझ्याच घरापासून करतो. त्यानंतर आधी थापट्यांचा आवाज आला. भाकरी थापायचा. तो आवाज मी कुठेही ओळखेन. आणि मग माय बोलली.

“व्याज नही येत भो. पन वखत उना का बठ्ठ्या हात लावतस.”

आणि खूप माणसं एकदम हसली.

प्रशील म्हणाला, ऐकलंत? तीस वर्षं ही बाई भिशी चालवतेय. तीस वर्षं पैसा फिरतोय, व्याज शून्य, आणि वर म्हणते, वेळ आली की सगळ्या हात लावतात. पुन्हा हसणं. राजदीप म्हणाला, हात लावतात म्हणजे पैशाला का? पुन्हा हसणं. प्रशील म्हणाला, इकडे महागाई तुमचा पैसा खातेय आणि तिकडे आई भाकरी थापतेय. मग आवाज गंभीर करून तो म्हणाला की माझे श्रोते भिशीत असतील तर त्यांना एकच सांगणं आहे, आजच बाहेर पडा.

मागच्या सीटवरचा माणूस डोळ्यांतलं पाणी पुसत होता. मला म्हणाला, मॅडम, तुम्हीपण ऐका, पेपरात पहिला नंबर आहे याचा. म्हातारी तर भारीच आहे.

मी त्याला सांगितलं की फोन बंद करा नाहीतर पारोळ्याला उतरा. तो म्हणाला, एवढं काय चिडायचं? मी तिकिटाचं मशीन असं आपटलं की पुढच्या स्टॉपपर्यंत ते चालू होईना. म्हातारी म्हणे. पारोळ्यापर्यंत माझी कानशिलं तापली होती आणि त्याचा उन्हाशी काही संबंध नव्हता.

धुळ्याला गाडी थांबली तशी मी मायला फोन लावला. तिनं तो भाग ऐकला नव्हता, तिच्या साध्या फोनवर ते येतही नाही. मी आवाजाचं काही बोललेच नाही. पण तिचाच सूर उतरलेला होता. म्हणाली की प्रमिलाबाईनं निरोप पाठवलाय, ती या पौर्णिमेपासून भिशी देणार नाही. अजून चौघींचं तेच. कारण विचारलं तर सगळ्या म्हणतात, तुझ्याच पोरानं सांगितलं.

आता आमच्या भिशीचं सांगावं लागेल. गल्लीतल्या बारा बायका. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की आमच्या ओट्यावर जमतात, प्रत्येक बाई ठरलेली रक्कम टाकते आणि जिचा नंबर असेल ती सगळी उचलते. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात. फक्त बाराव्या नंबराची चिठ्ठी टाकत नाहीत. तो मायचा. चालवणारीनं शेवटी घ्यायचं, कारण मध्येच कुणी बुडवलं तर खड्डा तिच्या पानात पडला पाहिजे, दुसरीच्या नाही. माय म्हणते, “वाढनारा शेवटले जेवस.” तिचा बारावा नंबर दरवर्षी बुद्धपौर्णिमेला येतो आणि त्यातले निम्मे विहारातल्या खिरीला जातात.

आणि नंबर बदलता येतो. कुणाला अचानक गरज पडली तर जिचा नंबर असेल ती आपला नंबर तिला देते आणि स्वतः तिच्या नंबराची वाट बघते. द्यायलाच हवा असं नाही, पण आजवर नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. माझ्या भावानं व्याज शोधलं, त्याला ते सापडलं नाही. नंबर त्याला दिसलाच नाही. खरं तर त्याला तो दिसायला हवा होता. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजनं फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही म्हणून कळवलं. मुदत दुसऱ्या दिवसाची होती. त्या पौर्णिमेला नंबर होता द्रौपदाअक्काचा. मायनं विचारण्याआधी अक्कानं पिशवी उचलून प्रशीलच्या हातात दिली आणि स्वतः नऊ पौर्णिमा थांबली. तिच्या छपराचे पत्रे त्या पावसाळ्यात तसेच गळले.

ही द्रौपदाअक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीवाली. गिरणी तिची नाही. भूपेंद्रशेठची, ती भाड्यानं चालवते, नवरा जीवराम गेल्यापासून एकटीच. पण सगळी गल्ली तिला अक्काची गिरणी म्हणते. कळण्याचं दळण तिच्यासारखं कुणाचं येत नाही. ज्वारी-उडदाला जरा भरडसर ठेवायचं असतं, ते तिला सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर भूपेंद्रशेठ म्हणाला की आता मी सुरतेला मुलाकडे जातो, गाळा आणि मशीन विकायचंय, पहिला हक्क तुझा. अक्कानं दागिना मोडला, भावाकडून आणलं, आणि उरलेलं तिच्या भिशीवर ठेवलं. तिचा नंबर अकरावा होता, चैत्र पौर्णिमेचा. भूपेंद्रशेठ तोपर्यंत थांबायला तयार झाला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पैसे नाही आले तर गाळा बाजूच्या मोबाइलवाल्याला, तो रोख घेऊन बसलाय, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे सगळं त्या एका पौर्णिमेवर होतं. आणि पौर्णिमेला दहा दिवस असताना पाच बायका बाहेर पडल्या.

कोणत्या पाच, ते ऐका. पाचही उचलून झालेल्या. प्रमिलाबाईनं दुसऱ्या नंबराला उचलून पोराला मोटारसायकल घेतली होती. जिनं अजून उचलली नव्हती ती एकही बाहेर पडली नाही. माझ्या शहाण्या भावानं माइकवरून सांगितलं की पंगतीतून उठा, आणि ज्यांचं जेवून झालं होतं त्या उठल्या. त्यांना निमित्त पाहिजे होतं आणि त्यानं ते तूप घालून वाढलं. भिशीतली अर्धी माणसं देणेकरी असतात, एवढी साधी गोष्ट त्याच्या तासाभराच्या बडबडीत कुठेच नव्हती.

ड्यूटी संपल्यावर मी घरी गेलेच नाही, गणवेशातच प्रशीलच्या जळगावातल्या फ्लॅटवर गेले. दार त्याच्या बायकोनं, प्रज्ञानं उघडलं. माझं तोंड बघूनच ती पाणी आणायला आत गेली. एका खोलीत भिंतींना काळा स्पंज चिकटवलेला, मधे टेबल, त्यावर दोन माइक. प्रशील खुशीत होता. म्हणाला, ताई, आईचा भाग सगळ्यात जास्त चाललाय, लोक विचारतात आई पुन्हा कधी येणार.

मी विचारलं की मायला माहीत होतं का तू रेकॉर्ड करतोयस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर ती नैसर्गिक बोलली नसती. मी विचारलं, हसली कोण एवढी माणसं? तो म्हणाला, ते इफेक्ट आहेत, ॲपमध्ये मिळतात.

मी खूप बोलले. खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही ऐकू गेलं असणार आणि मला त्याचं काही वाटत नाही. पाच बायकांचं सांगितलं, अक्काच्या गिरणीचं सांगितलं, त्याच्या कॉलेजच्या त्या पौर्णिमेचंही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, आणि हा शांतपणाच मला सहन होत नाही. मग म्हणाला की ताई, मी आकड्यांत काय चूक बोललो ते दाखव. भिशीत पैसा वाढत नाही, हे खरं आहे की नाही?

खरं आहे. मी काय दाखवणार? जावईशोध लावावा तसं तो बोलत होता, पण आकडा खरा होता. मी म्हणाले, आकडा तुझा बरोबर, माणसं चुकली. आता पाच जणींचे मिळून जेवढे कमी पडतात तेवढे तू टाक, गिरणी वाचव, मग हवं तर माझ्यावरही एक भाग कर.

इथे तो पहिल्यांदा गडबडला. म्हणाला, माझ्याकडे आत्ता लिक्विड नाही. म्हणजे पैसे आहेत, पण सगळे लावलेले आहेत, फ्लॅटचा हप्ता आहे. काढता येतील, पण मार्केट पडलंय. आत्ता काढले तर तोटा होईल. आठवडाभर थांबू, वर आलं की लगेच काढतो.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. याच माणसानं एका भागात अडीअडचणीचा पैसा वेगळा कसा ठेवावा यावर तास घालवला होता. मी म्हणाले, मग राजदीपकडून घे, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. तो म्हणाला, उधार मागायचं नाही हा आपल्या पॉडकास्टचा पहिला नियम आहे, ताई. मीच मागितले तर कसं दिसेल?

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. प्रज्ञा पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली की अहो, काढून टाका ना, तोटा तर तोटा. तो तिला म्हणाला की तुला त्यातलं कळत नाही. मी पाणी न पिताच निघाले. त्यानं मागून सांगितलं की पौर्णिमेला मी नक्की येतो, बायकांशी बोलतो, समजावतो. बोलायचं म्हटलं की हा कधीच मागे नसतो.

दहा दिवसांत मार्केट वर आलं नाही. मी रोज प्रवाशांना विचारायचे, जे फोनवर हिरवे-लाल आकडे बघत बसतात त्यांना. ते म्हणायचे, मॅडम तुम्हीपण लावलेत का? मी म्हणायचे, हो, एक गिरणी लावली आहे.

पौर्णिमेला मी रजा टाकून धुळ्याला गेले. विहारातली वंदना झाली. ओट्यावर चटई घातली, चहा ठेवला. बाराऐवजी सात जणी बसल्या. अक्का धुतलेलं लुगडं नेसून आली होती, केसांत पीठ मात्र राहिलंच होतं. भूपेंद्रशेठचा निरोप तिनं येता-येताच सांगितला, तो उद्या सकाळी अकरापर्यंत वाट बघणार. प्रशील आला, आणि काय घेऊन आला? माइक. छोटा, कॉलरला लावायचा. मला म्हणाला, ताई, मी विचार केला, बायकांची बाजूही लोकांसमोर यायला हवी. हा भाग खूप प्रामाणिक होईल.

माझा हात उठला होता. मायच्या दारात होतो म्हणून थांबला.

तेवढ्यात प्रमिलाबाई आली. न आलेल्या पाच जणींच्या वतीनं बोलायला आली होती आणि हातात नातवाचा मोठा फोन होता. माय तिला शांतपणे म्हणाली की प्रमिला, तू उचलली आहेस, पुरी कर, मग पुढच्या वर्षी नको बसू. प्रमिलाबाई म्हणाली की आम्ही अडाणी बाया, आम्हाला काय कळतं, ज्याला कळतं त्याचंच ऐक. आणि तिनं फोन चालू करून मायच्या पुढ्यात धरला.

मी तो ओढून घ्यायला हवा होता. पण तोवर भाकरीच्या थापट्या सुरू झाल्या होत्या आणि मायनं हात वर करून मला थांबवलं. तिला तिचाच आवाज ऐकायचा होता. आधी ती हसली. आपण रेडिओवर आलो म्हणून माणूस हसेल तशी. मग ते बाकीचं हसणं आलं. एकदा, दोनदा, तीनदा. बाकीच्या सहाही जणी खाली बघायला लागल्या. मायनं फोनकडे बघितलं, मग प्रशीलकडे.

“हाई कोन हासनं?”

प्रशील म्हणाला, कोणी नाही आई. ते मशीनचं आहे.

“मशीन हासस?”

आयुष्यात मायवर बरीच माणसं हसली असतील, घरकामाला जायची तेव्हा, अंगठा देऊन पगार घ्यायची तेव्हा. त्या माणसांची तोंडं तरी तिला दिसत होती. मला त्या क्षणी माझ्या भावाचा जेवढा राग आला तेवढा परक्या माणसाचाही कधी आला नाही, आणि अजून तो गेलेला नाही.

मग मायनं पदर खोचला. आत जाऊन खिरीत भर म्हणून साठवलेले पैसे आणून चटईवर ठेवले. मी माझ्या पगारातले जेवढे आणले होते तेवढे ठेवले. तरी बरेच कमी पडत होते. तिनं प्रशीलला उभं केलं.

“तूच उठाड्यात, आते तूच बसाड. जाय, घरेघर जाय.”

तो गेला. मी त्याच्या मागे गेले, कारण मला ते बघायचंच होतं. पहिल्या घरात बाईनं मान खाली घालून पैसे दिले. दुसऱ्या घरातही दिले, पण तिच्या नवऱ्यानं दारातूनच ऐकवलं की साहेब, एकदा ठरवा काय ते. तिसऱ्या घरातल्या बाईनं विचारलं की भाऊ, भिशीत महागाई पैसा खाते ना? मग आज खात नाही का? प्रशील तिला समजवायला लागला की ज्यांनी आधीच उचलली आहे त्यांचं गणित वेगळं असतं. ती म्हणाली, हे तू तेव्हा नाही बोललास. तिनं दार लावलं. चौथ्या घराला कुलूप होतं, ते घाईनं लावलेलं कळत होतं. शेवटी प्रमिलाबाई. तिनं पुन्हा फोन चालू केला आणि माझ्या भावाचाच आवाज माझ्या भावाला सांगायला लागला, आजच बाहेर पडा. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून स्वतःला ऐकत होता.

दुपारी तो ओट्यावर येऊन बसला आणि फोन काढून काहीतरी दाबलं. म्हणाला, विकले. तोटा झाला, पण विकले. आता कमी पडतात ते सगळे मी देतो. बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. माय म्हणाली की मग दे.

तो म्हणाला, खात्यात यायला तीन दिवस लागतात.

मग मी गेले, प्रशील गेला, माय गेली, तिघंही भूपेंद्रशेठकडे. त्याचं सामान बांधून झालं होतं, सोफ्याला दोर लावलेला होता. मी त्याला दोष देत नाही. दिवाळीपासून थांबला होता. तो मायला म्हणाला की कमलबाई, तुमच्या शब्दावर मी इतके महिने काढले, मागे एकदा असाच तीन दिवसांत येतो म्हणणारा मला तीन वर्षांनी भेटला होता. मायनं शब्द दिला. शेठनं हात जोडले. म्हणाला, तुमचा शब्द मला चालतो, पण भिशी तुमच्या शब्दावर राहिली नाही असं ऐकतो. मी प्रशीलकडे बघितलं. तो फोनमध्ये बघत होता. त्यानंतर त्यानं तिथंच उभं राहून राजदीपला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा उधार मागितलं. राजदीप म्हणाला, अरे माझेपण सगळे लावलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गाळ्याची चावी मोबाइलवाल्याकडे गेली.

मोबाइलवाल्याला गिरणी नको होती, फक्त गाळा हवा होता. मशीन भंगारवाल्याला दिलं. ते न्यायला तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. चार माणसांनी पाती, पट्टा, मोटर वेगळी केली. आतल्या भिंतींवर इतकं पीठ होतं की माणसं पांढरी होऊन बाहेर पडत होती. द्रौपदाअक्का समोरच्या कट्ट्यावर बसून बघत होती. हातात तिचा पीठ झाडायचा कुंचा होता. तो मात्र तिनं मशीनबरोबर जाऊ दिला नाही.

त्याच वेळी प्रशील आला. पैसे आले होते. पूर्ण. एक रुपया कमी नाही. जळगावहून गाडी दामटत आला होता, घामानं निथळत होता, आणि मी हे कबूल करते की त्याचे डोळे लाल होते. पण कॉलरला माइक होता. मी बघितला. त्यावर हिरवा दिवा लागलेला होता.

त्यानं पाकीट अक्काच्या पुढे धरलं. म्हणाला, अक्का, माझं चुकलं. मी फक्त तीन दिवस उशीर केला. आपण दुसरीकडे गाळा बघू, मी सांगतो पैसा कुठे ठेवायचा तोपर्यंत.

अक्कानं पाकीट घेतलं. का नाही घेणार, तिचेच होते. मोजले नाहीत, कंबरेला खोचले. टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं होतं, मोटरला दोर आवळत होते. अक्का रडली नाही, ओरडली नाही. ओरडायचं काम मी करते. ती कुंचा मांडीवर झाडत त्याच्याकडे वर बघून म्हणाली,

“तुले नंबर दिन्हा तव्हय मी तुले तीन दिन थांब आसं नही सांगं, भाऊ.”

एवढंच. मग उठून घरात गेली.

आता गल्लीतल्या बायका दळण घेऊन लांबच्या गिरणीत जातात. तिथे कळणं बारीक दळून देतात, भाकरी तव्यावर चिकटते. अक्का दुसऱ्याच्या गिरणीत हजेरीवर जाते. भिशी मायनं बंद केली. कुणी मोडली म्हणून नाही, म्हणाली की वाढायचं असेल तर आधी पंगतीनं बसायचं ठरवायला हवं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर झाली, पण ती वर्गणीची. फोटोखालचं कात्रण मायनं काढलं नाही. मी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे, पोरगा आहे.

आणि माझ्या भावानं या सगळ्यावर नवा भाग केला. नाव, ‘माझी सगळ्यात महाग चूक’. त्यात त्याचा रडवेला आवाज आहे, गिरणी सुटी होतानाचा खडखडाट आहे, अडीअडचणीचा पैसा वेगळा ठेवण्याचे तीन मार्ग आहेत. हसण्याचे इफेक्ट नाहीत. मधे एका ॲपची जाहिरात आहे. पेपरात पुन्हा यादी आली, त्यात तो भाग ‘चुकवू नये असा’ म्हणून पहिला आहे. परवा पारोळ्याला चढलेली एक मास्तरीण तो कानात घालून ऐकत होती. डोळे पुसत मला म्हणाली की ताई, इतका प्रामाणिक माणूस आजकाल कुठे असतो?

मी घरी येऊन तो शेवटपर्यंत ऐकला, दोनदा. अक्काचं ते वाक्य त्यात नाही. प्रशीलला फोन करून विचारलं, तर म्हणाला, ताई, टेम्पोचं इंजिन चालू होतं ना, आवाज स्वच्छ आला नाही.

मी त्याच्यापेक्षा लांब उभी होते. मला स्वच्छ ऐकू आलं.